वळूच्या लेकी

आमच्या घराण्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. बारसं असो, लग्न असो, दहावा असो, चार पाहुणे जमले की माझे चुलते, म्हणजे आमचे तात्या, ते वाक्य म्हणतात आणि म्हणताना स्वतःच्या छातीवर पंजा आपटतात. "आमच्यात गडी वाघावानी. पोरी तेवढ्या नाजूक." पंजाचा आवाजही होतो, कारण छाती खरोखरच तशी आहे. पासष्टी ओलांडली तरी तात्या कडब्याचं ओझं एकटे उचलतात आणि उचलताना कोणी बघतंय का तेही बघतात. शेजारी माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, उभे असतात. त्यांची छातीही त्याच वाणाची. मधल्या काळात अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, एसटीवरच्या पाट्या बदलल्या, पण तात्यांचं वाक्य काही बदललं नाही.

नाजूक पोरींपैकी मी एक. नाजूक म्हणजे काय, तर सकाळी गुडघे सुजलेले असल्यामुळे जिना खेकड्यासारखा आडवा उतरायचा, आणि सलग चार वाक्यं बोलले की खोकायचं. मी शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. मोसमी वारे शिकवताना माझाच वारा संपतो, आणि मागच्या बाकावरची पोरं दर वर्षी नव्याने हसतात.

माझ्या आधीच्या नाजूक म्हणजे माझ्या दोन आत्या. थोरली आत्या पाथर्डीकडे दिलेली. तिच्या हाताची बोटं तरुणपणीच वाकली, आणि दोन खोल्या झाडल्या की ती उंबऱ्यावर बसून श्वास गोळा करायची. घरच्यांच्या मते हा तिकडच्या कोरड्या हवेचा दोष. धाकटी आत्या कारखान्याच्या पट्ट्यात दिलेली. ती खोकून खोकून ऐन तिशीत गेली. हा तिकडच्या धुराड्याचा दोष. जिल्हा केवढा मोठा आहे आणि त्यात हवा किती प्रकारची आहे हे मला भूगोलाच्या पुस्तकाने नव्हे, आमच्या घरच्यांनी शिकवलं.

आता विचार केला की या व्यवस्थेचं कौतुकच वाटतं. लेक वीस-बाविशीची झाली की द्यायची. मग ती खोकणार ती दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या आडनावाने, दुसऱ्याच्या पडवीत. आमच्या वाडीवस्तीवर खोकल्याचा आवाज म्हणून येणार नाही. दिवाळीला माहेरी येईल तेव्हा चार दिवस दाबून धरील. एवढी सोय झाल्यावर घराण्याची छाती फुगणार नाही तर काय होईल?

माझी मात्र पंचाईत अशी, की मी लहानपणीच खोकायला लागले, घरात, सगळ्यांच्या देखत. मग घराण्याने माझा खोकला आजोळी पाठवून दिला. आईचे वडील चिलीम ओढायचे. बस्स, कारण सापडलं. "तिच्या आज्याचा दमा उतरलाय," तात्या म्हणायचे, आणि आई चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापायची. आईच्या वडिलांना शेवटपर्यंत सर्दीसुद्धा झाली नाही, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नाही. आई माहेरी निघाली की आजी, म्हणजे तिची सासू, म्हणायची, "जा, पन येताना आनखी काय आनू नको." आईचं माहेरी जाणं हळूहळू कमी झालं.

इलाज झाले नाहीत असं नाही. बाळदमा झाला, तो मोठेपणीही बाळच राहिला. मग तालुक्याच्या एका डॉक्टरांनी टीबी ठरवला. थुंकीत जंतू सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, कधीकधी लपतात. मी लपलेल्या जंतूंच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या, लघवी तांबडी झाली, खोकला होता तसाच राहिला. मग साडेसाती निघाली. शिंगणापूर आम्हाला शेजारीच. तिथे घरांना दारं नसतात, देव राखण करतो. तात्यांचा हिशेब सरळ होता: जो अख्ख्या गावाची राखण करतो त्याला एका पोरीची छाती काय जड आहे? तेल वाहिलं. दार नसलेल्या गावातूनही माझा खोकला काही बाहेर पडला नाही, आमच्याबरोबर जीपमध्ये बसून परत आला.

बघायला पाहुणे आले तेव्हा आईने माझ्या गालात खडीसाखर आणि लवंग कोंबली आणि तोंड उघडू नको म्हणाली. पाहुण्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. शिक्षण विचारलं, मी बोटं दाखवल्यासारखं काहीतरी केलं. तात्या पुढे सरसावले. "आमची पोर लई कमी बोलती." पाहुणे इतके खूश झाले की तिथेच सुपारी फुटली. कमी बोलणारी सून म्हणून मी त्या घरात गेले आणि महिन्याभरात खोकत सगळं बोलून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, हे माहेराहून आणलंय. माहेर म्हणालं, आमचं नाही, आजोळचं आहे. माझा खोकला असा गावोगाव हिंडत राहिला, त्याला कोणी घरात घेईना. नवरा तेवढा भला निघाला. त्याने खोकला कोणाचा हे कधी विचारलं नाही, गरम पाणी आणून दिलं.

मग एके दिवशी फळ्यावर नद्या काढता काढता खोकला आला आणि रुमालात रक्त पडलं. चांगलं ताजं, लालभडक. नवऱ्याने पुण्याला नेलं. दादा आले, आणि घराण्याचे प्रतिनिधी म्हणून तात्याही आले. फोटो निघाले, फुंकायला लावलं, बोटाला यंत्र लावलं. फुप्फुसात जागोजाग पांढुरकं धुकं होतं आणि खाली जुने वण. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. अंगात राखणीला एक फौज असते. माझी फौज परक्या जंतूंना सोडून माझ्याच सांध्यांवर आणि फुप्फुसावर तुटून पडली होती.

"म्हंजी कुंपनच शेत खातंय," दादा म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"आमच्या शेताला तारंचं कुंपन हाय," तात्या म्हणाले. त्यांना आपलं कुठेतरी कमी पडतंय असं वाटलं असावं.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, जो मला तोपर्यंत प्रत्येक डॉक्टरने विचारला होता. घराण्यात कोणाला असा त्रास? सांधे, खोकला, रक्त पडणं? आणि दोघा भावांनी एका सुरात, आरतीला उभं राहिल्यासारखं, तेच उत्तर दिलं जे माझ्या लहानपणापासून देत आले होते. "न्हाई. आमच्याकडं कुनाला न्हाई." मी तिथेच बसले होते. कुणाला नाही म्हणताना मी त्यांच्यात मोजली जात नव्हते, आणि माझ्या दोन्ही आत्याही नाहीत. लग्न करून दिलेल्या लेकी म्हणजे 'आमच्याकडं' नव्हेतच.

डॉक्टरांनी माझं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं, आणि त्यात दोष सापडल्यावर आईचं आणि दादांचंही. दुर्मीळ आजार निघाला. नाव लांबलचक, भारतात फार थोड्यांना ठाऊक. एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. आणि त्याची एक खोड अशी, की दोष अंगात असूनही काहीजण जन्मभर ठणठणीत राहतात. आजारी पडणाऱ्यांत बायका जास्त दिसतात. असं का, ते अजून नीट उमगलेलं नाही, असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. मला मनातल्या मनात हसू आलं. गडी वाघावानी, पोरी तेवढ्या नाजूक. डॉक्टरांना जे सांगायला अर्धा तास लागला ते आमचे तात्या कित्येक वर्षं लग्नमंडपात फुकट सांगत होते. फरक एवढाच, की डॉक्टर त्याला आजार म्हणत होते आणि तात्या खानदान.

आई साफ निघाली. दोष दादांकडून आला होता.

 दादांनी सवयीने छातीवर हात नेला आणि म्हणाले, "पन मला तर काय बी हुत न्हाई."  घरी आल्यावर आईने चहा टाकला, दादांपुढे कप ठेवला आणि म्हणाली, "माझ्या बापाची चिलीम आता तरी इझवा." दादांनी तो चहा निवेपर्यंत उचलला नाही. मला आईचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. एवढ्या वर्षांनी न्याय मिळाला, आणि तो मिळवायला माझं फुप्फुस जावं लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. मला नव्या गोळ्या लागू पडल्या, रक्त थांबलं. जुने वण मात्र राहिले. वण पडलेलं फुप्फुस परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं; लवकर पकडलं तर वण पडायच्या आत आवरता येतं. हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं, कारण मला तात्यांची नात आठवली.

तात्यांच्या मुलाची मुलगी. शाळेत नुकतीच जायला लागलेली, जिभेला हाड नसलेली. दिवाळीला गावी गेले तेव्हा सकाळी ती जिन्यावर दिसली. कठडा धरून, आडवी, एकेक पायरी, खेकड्यासारखी. खाली आल्यावर खोकली. कोरडा, खोल खोकला. मला तो खोकला पाठ आहे. माझ्या हातातला फराळ तसाच राहिला.

मी तात्यांना म्हटलं, हिला पुण्याला नेऊ या. तात्या म्हणाले, बाळदमा आहे, वाढत्या अंगाला गुडघे दुखतात. मी तपासणीचं सांगितलं. "तिथं रगताच्या नळ्या बदलल्या आसत्याल," तात्या म्हणाले. "तुझ्या बापाला काय झालंय? मला काय झालंय? वाघ हायेत आमी." मग आवाज बारीक करून, पण आत ऐकू जाईल इतपतच बारीक करून, म्हणाले, "सूनबाईच्या म्हायेरात हाय दमा. तिची चुलती खोकायची."

आत चुलीपाशी चुलतभावाची बायको भाकरी थापत होती. मान खाली. मला क्षणभर कळेना मी कोणत्या सालात उभी आहे. मी चुलतभावाला गाठलं, तर तो म्हणाला, तात्यांना विचार. चांगला पदवीधर आहे, मोबाईलवर जगाला सल्ले देतो. मला इतका संताप आला की बोलता आलं नाही, आणि बोलले असते तरी खोकलाच आला असता.

आता तात्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. माणसांतलं त्यांना कळो न कळो, जनावरातलं त्यांच्याइतकं कळणारा आमच्या भागात दुसरा नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते शिरले की व्यापारी सावरून बसतात. हिवाळ्यात त्यांना एक कालवड घ्यायची होती. शाळेला सुट्टी होती आणि गाडी माझी होती, म्हणून मी सोबत गेले. नातीच्या विषयावर आमच्यात अबोला होता, पण पेट्रोल माझं असल्यामुळे तो त्यांनी जरा सैल केला होता.

एका व्यापाऱ्याने कालवड पुढे केली आणि मोबाईल काढून तिच्या बापाचा फोटो दाखवला. वळू कसला, राजा होता. चकचकीत कातडं, मानेला वळ्या, रुंद छाती.

तात्यांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "वळूचा रुबाब काय चाटायचा हाय व्हय? लेकी दाव त्याच्या."

"तात्या, वळू एक नंबर हाय की," व्यापारी म्हणाला.

तात्या माझ्याकडे वळले. शिकलेल्या पुतणीला शिकवायची संधी ते सोडत नाहीत. "ध्यानात ठेव. वळू सोता दूध देत न्हाई. पन दूध त्याच्यातनं येतं. गुन बी त्याच्यातनं आन खोट बी त्याच्यातनं. त्याला सोताला काय बी हुत न्हाई, त्यो हिंडतोय आपला डुरकत. खोट निघती लेकीच्या कासंत. म्हनून शाना मानूस वळू बघत न्हाई. लेकी बघतो."

"वळू दिसायला कसा असतो म्हणालात, तात्या?"

"वाघावानी."

"आणि लेकी?"

"लेकी तेवढ्या..." तात्या म्हणाले, आणि थांबले.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या लेकी बघा, तात्या. एक वाकली, एक गेली. दादांची लेक बघा, ही समोर उभी आहे. आता तुमच्या पोराची लेक बघा." एवढं बोलून मला दम लागला आणि मी त्या कालवडीच्या पाठीवर हात टेकून खोकत उभी राहिले.

"मला वळू म्हनतीस?" तात्यांचा चेहरा लाल झाला. "भर बाजारात?" व्यापाऱ्याने हसू दाबायला तोंडात रुमाल घातला, तो तात्यांनी बघितला. कालवड तशीच सोडून ते ताडताड स्टँडकडे गेले आणि एसटीने घरी पोचले. पुढे बरेच दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. पुतणीने चुलत्याला बैलबाजारात वळू म्हटल्याची बातमी मात्र माझ्या आधी सासरी पोचली.

मग एका दुपारी पाथर्डीकडून थोरल्या आत्याचा फोन आला. तिला चार शब्दांमागे श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे तिची बातमी तुकड्यातुकड्याने येते.

"तात्या आल्ता गं. न सांगता. काय बोलना. माझं हात हातात घेतलं आन बोटंच बघत बसला. मंग म्हनला, आक्का, जरा चालून दाव." आत्याने श्वास घेतला. "मी म्हनलं, मेल्या, इकायला काढलीस का काय मला?"

"मग?"

"मंग काय. चालून दावलं. दारापत्तुर गेले आन दम लागला. तर हा लहान पोरावानी रडाया लागला. काय झालंय गं त्याला?"

मी आत्याला सांगितलं, काही नाही, तात्या लेकी बघायला आले होते. आणि फोन ठेवून मीही रडले. तात्यांची चेष्टा करायची मला जन्माची सवय आहे, पण त्या दिवशी ती जमली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात तात्यांनी स्वतः फोन केला. "गाडी हाय का मोकळी?" एवढंच म्हणाले. आम्ही पुण्याला गेलो: नात, तिची आई, तात्या आणि मी. चुलतभावाला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या तपासण्यांत जे निघायचं भय होतं ते निघालं, पण फुप्फुसात वण पडले नव्हते. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, आणि आता ती पोर जिना सरळ उतरते, कधी कधी उड्या मारत. ती बातमी मी आधीच देऊन टाकते, कारण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं, डॉक्टरांच्या खोलीतलं.

डॉक्टर तेच होते. त्यांनी पोरीची नखं पाहिली, गुडघे दाबले, आणि मान वर न करता तोच प्रश्न विचारला. घराण्यात कोणाला असा त्रास?

सूनबाईने पदर सावरला आणि नजर खाली घातली. आता आपल्या चुलतीचं नाव निघणार, हे तिने गृहीत धरलं होतं.

"हाय," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली.

"माझी थोरली बहीन. बोटं वाकल्यात तिची, चालवत न्हाई. धाकटी बहीन, ती खोकून गेली. तिला रगत पडायचं. तिच्या सासरच्यांनी सांगितलं हुतं आमाला, आमी म्हनलो धुराचं हाय." ते थांबले. मग माझ्याकडे बघितलं. "ही पुतनी. आन आता ही. समदं आमच्याकडचं हाय. हिच्या आईकडचं काय बी न्हाई."

सूनबाई हळूच माझा हात चाचपू लागली. मी तिचा धरला.

डॉक्टर म्हणाले, मग तुमचंही रक्त घेऊ या, आणि छातीही तपासू. त्यांनी तात्यांना शर्ट काढून टेबलावर बसायला सांगितलं. मी श्वास रोखला, म्हणजे माझ्याकडे जेवढा आहे तेवढा. एवढा मोठा डॉक्टर, कानाला नळी लावून तयार, आणि समोर ती भरदार छाती. तात्यांना जन्मात असा प्रसंग मिळाला नव्हता.

तात्यांनी वरची दोन बटणं काढली आणि हात तिथेच थांबले. त्यांनी बटणं परत लावली, वाकून नातीला उचललं आणि टेबलावर बसवलं.

"माझी काय बघताय, सायेब," ते म्हणाले. "लेकी बघा."